बावीस सप्तमांशाची भिंत

मंगळवार, ३ फेब्रुवारी

पुनर्वसन केंद्रातली व्यायाम शिकवणारी मुलगी आज म्हणाली, "काकू, काकांची प्रगती रोज लिहून ठेवत जा. नातेवाइकांना बरं वाटतं." वही आणली. प्रगती नाही. वही वाया जाऊ नये म्हणून इतरांच्या चुका लिहीन म्हणते. त्यांचा पुरवठा भरपूर आहे.

पहिली चूक ह्यांचीच. डुगडुगत्या स्टुलावर चढून पंखा पुसायला गेले आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. स्टूल डुगडुगतं हे मी लग्नापासून सांगत आले आहे. ऑपरेशन चांगलं झालं. सर्जन म्हणतात, हाड उत्तम जुळलं. हाड जुळलंय, माणूस उठत नाही.

मी शाळेत मुख्याध्यापिका होते आणि गणित शिकवत होते. हे त्याच शाळेत चित्रकलेचे मास्तर. म्हणजे माझ्या हाताखाली. घरी ती व्यवस्था बदलण्याचं काही कारण पडलं नाही.

मोठ्या डॉक्टरबाईंनी आज अट घातली. वॉर्डापासून मुख्य दारापर्यंतचा लांब कॉरिडॉर काठीच्या आधाराने, कुणाचा हात न धरता, भिंतीचा दांडा न धरता चालून दाखवायचा. मार्चच्या सुरुवातीला परीक्षा. पास झाले तर जिने चढायचे धडे आणि मग आमचं घर. नाही तर चाकाची खुर्ची. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही, तेव्हा खुर्ची म्हणजे लेकीच्या घराची मागची खोली, कायमची. तिथे सध्या इस्त्रीचे कपडे राहतात. लेक म्हणाली, "कपडे काय, हलवू." किती सोय.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

ह्यांना कॉरिडॉरमध्ये उभं केलं. मी शेजारून चालत सूचना दिल्या. आधी टाच. मान वर. काठी पुढे टाका, मागे नव्हे. खांदा का पाडलाय? पुन्हा टाच. दोन-चार पावलं टाकून बाकावर बसले आणि म्हणाले, "आज नको."

"कालही नकोच होतं."

"काल तुझ्याकडून ऐकून घेण्यात शक्ती गेली. आज चालण्यात गेली."

असं बोलणं ह्यांना बरोबर जमतं. त्याला हाड लागत नाही.

व्यायामवाली मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, दुपारी तुम्ही घरी जाऊन जरा पडत जा ना." मी काय हिच्या वाटेत येते? तिला सांगितलं, मला पडायची सवय नाही, ती आमच्याकडे एकालाच आहे.

सोमवार, ९ फेब्रुवारी

जावईबापू अवतरले. ते लोकांची घरं-दुकानं सजवून देतात आणि सध्या हे केंद्रच सजवताहेत. डॉक्टरबाईंचं म्हणणं, कॉरिडॉरची भिंत इतकी निर्जीव आहे की चालणाऱ्याला झोप येते. म्हणून दांड्याच्या वरून रंगीत टाइल्सची एक लांब पट्टी जाणार. फूटभर रुंदीची एकेक टाइल. जावईबापूंची प्रतिभा अशी, की या पट्टीची नक्षी कधीच पुन्हा येता कामा नये, म्हणजे पेशंटला पुढे काय रंग येईल याची उत्सुकता वाटून तो चालतच राहील. ह्यांना उत्सुकता वाटावी अशी एक गोष्ट मला गेल्या कित्येक वर्षांत सापडलेली नाही, पण असो.

प्रत्येक अंकाला एक रंग द्यायचा आणि एखाद्या अपूर्णांकाचे दशांश भिंतीवर मांडत जायचं, हीसुद्धा त्यांचीच कल्पना. कल्पना चांगली होती. दुर्दैवाने त्यांनी ती अमलात आणली. संगणकावर चित्र काढून आणलं होतं. अपूर्णांक घेतला तीन अष्टमांश.

मी म्हटलं, "शून्य पूर्णांक तीनशे पंचाहत्तर सहस्रांश. झालं. संपलं."

"तेच ना, आई. तीन टाइल्स रंगीत आणि पुढे दारापर्यंत सगळी शून्यं. शून्याला मी पांढरा दिलाय."

"म्हणजे आत्ता आहे तशीच भिंत, फक्त खर्च करून."

मग त्यांनी एक तृतीयांश काढून दाखवला. सगळे तीन. तीनाचा रंग काळा. आजारी माणसांच्या डोळ्यांसमोर इथून तिथून काळी पट्टी. मी म्हटलं, हे ऑपरेशनच्या आधी दाखवत जा, लोक घरीच बरे होतील. नंतर दोन अकरांश. एक-आठ, एक-आठ. पिवळी, केशरी, पिवळी, केशरी, दारापर्यंत.

"एक साधा अपूर्णांक नाही का, जो थांबणार नाही आणि पुन्हाही येणार नाही?" त्यांनी विचारलं. शिकून-सवरून मोठे झालेले गृहस्थ.

मग मी शिकवलं. सवय जात नाही. अपूर्णांकाला अतिसंक्षिप्त रूप द्या आणि त्याचा छेद बघा. छेदात दोन आणि पाच सोडून दुसरा मूळ अवयव नसेल, तर भागाकार कुठेतरी संपतो. तो खंडित दशांश. दुसरा कुठलाही अवयव असला की संपत नाही, पण पुन्हा पुन्हा तेच अंक येतात. तो अखंड आवर्ती. तिसरा प्रकार अपूर्णांकांच्या घराण्यात जन्मालाच येत नाही. का? साताने भागून बघा. बाकी उरेल ती एक ते सहा यांच्यातलीच. सहाच पाहुणे आहेत. सहाही येऊन गेले की सातव्या वेळी दार वाजवणारा आधी येऊन गेलेलाच असणार. आणि तो आला, की त्याच्या पाठोपाठ तीच सगळी मंडळी, त्याच क्रमाने. आमच्या नणंदेकडे हेच चालतं.

हे पलंगावरून हसले. बऱ्याच दिवसांनी. नणंद त्यांची सख्खी बहीण आहे, तरी हसले.

"मग मला काय हवंय?" जावईबापू.

"अपरिमेय संख्या. जी अपूर्णांकात मांडताच येत नाही."

"उदाहरणार्थ?"

तेवढ्यात जेवणाची गाडी आली आणि शिकवणी सुटली.

मंगळवार, १० फेब्रुवारी

वाईट दिवस. कॉरिडॉरमध्ये ह्यांचा तोल गेला. व्यायामवालीने कमरेचा पट्टा धरला म्हणून पडले नाहीत, पण रंग उडाला चेहऱ्याचा. मी म्हणत होते तेच झालं, काठी मागे टाकली होती. तसं मी तिथल्या तिथे सांगितलंही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

ह्यांना खुर्चीत बसवत असतानाच माझा फोन वाजला. जावई. "आई, कालचं अर्धवट राहिलं. ती अपरिमेय संख्या. टाइल्सची ऑर्डर आजच द्यायचीय."

म्हटलं, पाय घ्या. वर्तुळाचा परीघ भागिले व्यास. (ह्यांच्या पायाची ही अवस्था असताना त्या शब्दावर विनोद करायचा मोह जावईबापूंनी आवरला. तेवढी अक्कल आहे.)

"हां, पाय. त्याची किंमत किती, आई?"

"बावीस सप्तमांश. शाळेत गेला होतात ना?" आणि फोन ठेवला. माणूस थरथरतोय आणि यांना टाइल्सची पडलीय.

संध्याकाळी हे म्हणाले, "लेकीकडची खोली तशी वाईट नाही. खिडकी आहे." मी म्हटलं, खिडकी सगळ्याच खोल्यांना असते. उशी नीट केली. उशी नीटच होती.

शनिवार, १४ फेब्रुवारी

आता दुपारी मी घरी जाते. व्यायामवालीने डॉक्टरबाईंकरवी तसा हुकूम काढला आहे. दुपारी म्हणे पेशंटना "मोकळा वेळ" असतो. ह्यांना सगळाच वेळ मोकळा आहे.

घरी जाऊन स्टूल सुताराकडे टाकून आले. सुतार म्हणाला, "पाय बदलू की स्टूलच बदलता?" म्हटलं, बाबा, जे आहे तेच दुरुस्त कर.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

आठवडाभर रोज थोडी थोडी वाढणारी भिंत आज पूर्ण झाली. दुरून बघितली, रंग बरे आहेत. डॉक्टरबाईंनी सुरुवातीलाच एक पितळी पाटी ठोकली आहे: "या भिंतीवरची नक्षी कधीही पुन्हा येत नाही. जसा तुमचा प्रत्येक दिवस." दुसरं वाक्य जावईबापूंचं असणार. त्यांना वाक्यं होतात, जशी काहींना पित्त होतं.

ह्यांची एक तक्रार लिहून ठेवते. काठी नवी घेऊन महिना झाला नाही आणि तळाचं रबर एका बाजूने साफ झिजलं. सकाळी माझ्यासमोर कशीबशी चार पावलं चालतात, तेवढ्यात झिजणारं रबर म्हणजे नुसती फसवणूक. दुकानदाराला गाठून चांगलं सुनावलं. तो म्हणाला, "बाई, हे वापरल्याशिवाय झिजत नाही." त्याचं ऐकून घ्यायला मी गेले नव्हते.

भूकही वाढली आहे ह्यांची. बसून बसून दुसरं काय होणार?

शुक्रवार, २० फेब्रुवारी

जावईबापू खुशीत होते. "आई, एक गंमत. पांढऱ्या, करड्या आणि तपकिरी टाइल्सची खोकी उघडावीच लागली नाहीत. काळी एकच लागली, अगदी पहिली. दुकानदार परत घेतोय सगळं."

मी हातातला चहा खाली ठेवला. शून्य, सहा आणि नऊ आलेच नाहीत? पायच्या विस्तारात पहिल्या मूठभर अंकांतच नऊ येतो, पाठोपाठ सहा येतो. मी कॉरिडॉरमध्ये गेले. पहिली काळी. मग पिवळी, हिरवी, निळी, केशरी, तांबडी, जांभळी. मग पिवळी, हिरवी, निळी, केशरी, तांबडी, जांभळी. मग पुन्हा पिवळी. एक-चार-दोन-आठ-पाच-सात, एक-चार-दोन-आठ-पाच-सात, अखंड आवर्ती, दारापर्यंत. आणि वर पितळी पाटी.

"कुणी सांगितलं तुम्हाला बावीस भागिले सात करायला?"

"तुम्हीच, आई. फोनवर."

लेक मध्ये पडली. "आई, होतं असं. त्या दिवशी बाबा पडता पडता वाचले होते."

मी म्हटलं, मी सांगितलं असलं तरी आदल्या दिवशी साताचे सहा पाहुणे समजावले होते की नाही? मग दुसऱ्या दिवशी सातानेच भागायला सांगते म्हटल्यावर शहाण्या माणसाने विचारायला नको? "बावीस सप्तमांश ही पायची किंमत नव्हे, जवळची किंमत आहे," हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढत होते. आता हे त्यांना कुठून माहीत असणार, ते माझ्या वर्गात नव्हते, हे मला कळतं. पण बोलून झालं होतं.

शनिवार, २१ फेब्रुवारी

डॉक्टरबाईंना जाऊन सांगितलं की तुमची भिंत खोटी आहे. त्या म्हणाल्या, "अहो, कोण भागाकार करून बघणार आहे?" याच हाताने त्या औषधं लिहून देतात.

मी जावयाला सांगितलं, पट्टी काढा. खरे अंक मी लिहून देते, हवे तितके. बिचाऱ्याने मान डोलावली. सोमवारी दाराच्या बाजूने फोडायला सुरुवात करायची ठरली. परीक्षा तोंडावर आली आहे, तेव्हा कॉरिडॉर बंद राहील त्याचं काय, असं लेकीने विचारलं. मी म्हटलं, कॉरिडॉर उघडा राहून तरी कोण चालतंय?

हे ऐकत होते. रात्रीचं जेवण तसंच परत पाठवलं.

सोमवार, २३ फेब्रुवारी

सकाळी कारागीर छिन्नी-हातोडा घेऊन आला. जावईबापू भिंतीवर खडूने खूण करत होते. मी अंकांचा कागद घेऊन उभी होते. तेवढ्यात मागून आवाज आला. "हात लावायचा नाही."

हे वॉर्डाच्या दारात उभे. काठी घेऊन. एकटे.

मी म्हटलं, "तुम्ही उठलात कशाला? व्यायामवाली कुठे आहे?"

"पिवळ्या टाइलला हात लावायचा नाही," ते जावयाला म्हणाले. माझ्याकडे बघितलंच नाही. "बाकीच्याही राहू दे, पण पिवळीला मुळीच नाही."

जावयाने माझ्याकडे बघितलं. खडू हातात तसाच.

"नक्षी चुकली आहे," मी म्हटलं. "ती पुन्हा पुन्हा तीच येतेय."

"ते मला पहिल्या दिवशीच दिसलं. मी चित्रकला शिकवत होतो, बाई." रागावले की ते मला बाई म्हणतात, शाळेत म्हणायचे तसं. "पुन्हा येते म्हणून तर चालतोय. अख्खा कॉरिडॉर बघितला की वाटतं, आपल्याला जमणार नाही. म्हणून पिवळीपासून पिवळीपर्यंत जातो. एवढंच अंतर. तिथे थांबतो. मग पुढची. ती कुठे असणार हे मला माहीत असतं."

"कधी जाता?"

"दुपारी."

मागून आलेली व्यायामवाली स्वतःच्या पायाच्या बोटांकडे बघत होती. म्हणजे तिलाही माहीत होतं. काठीच्या रबरालाही माहीत होतं. मी सोडून सगळ्यांना.

"मग सकाळी माझ्यासमोर का नाही?"

म्हणाले, "तू बरोबर असतेस म्हणून."

म्हणजे काय, ते विचारायचं राहिलं. मी शेजारी असते म्हणून की माझं म्हणणं बरोबर असतं म्हणून? दोन्हींत चालायला अडचण काय, ते मला समजत नाही. एवढं दिसलं की ते दांडा न धरता उभे होते आणि मी टाच म्हणाले नाही.

कारागिराला परत पाठवलं. पाटी मात्र काढायला लावली. कुणाच्या उपयोगाची असली, तरी भिंतीबद्दल खोटं लिहू नये. जावयाने निमूटपणे पेचकस आणला. म्हणाला, "आई, दुसरी पाटी लावू? काय लिहू?" म्हटलं, काही लिहू नका. दिसतंय त्याला दिसेल.

शनिवार, २८ फेब्रुवारी

दुपारी घरी गेले नाही. सकाळीही मी वॉर्डाबाहेरच बसले, कॉरिडॉरकडे पाठ करून. काठीची टकटक ऐकू येते. टकटक, टकटक, मग थांबते. थांबली की मी मनात सहाही रंग म्हणते. जांभळी झाली की पुन्हा सुरू होते. एकदा तांबडीलाच सुरू झाली. मागे वळून बघणार होते. नाही बघितलं. मान आखडली आहे.

मंगळवार, ३ मार्च

परीक्षा झाली. सविस्तर लिहिते, कारण लेक आणि जावई फोनवर सगळ्यांना ती चुकीची सांगताहेत.

डॉक्टरबाई कागद घेऊन उभ्या. व्यायामवालीला पट्टा धरायची मनाई. मला बाकावर बसायला सांगितलं आणि कधी नाही ती मी बसले. हे निघाले. टाच बरोबर पडत नव्हती. काठी मात्र पुढे होती. काळी, पिवळी, आणि थांबले. श्वास. पुढची पिवळी. थांबले. डॉक्टरबाईंनी घड्याळ बघितलं तेव्हा मी त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी हात खाली घेतला.

निम्मं झालं. पाऊण झालं. लेक माझा हात धरून होती. माझा हात गार होता म्हणे. खिडकीचा वारा.

आणि मग भिंत संपली. हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, माझ्याही नाही. पट्टी पिवळी, हिरवी, निळीवर संपते. पुढे आत येणाऱ्यांची मोकळी जागा आहे, तिथे भिंत नाही, दांडा नाही, काहीच नाही, आणि तिच्या पलीकडे दार. दुपारच्या सरावात हे शेवटच्या पिवळीवरून परत फिरत होते. आज शेवटच्या निळीशी आले आणि थांबले. पुढची पिवळी नव्हती. खांदा पडला. बाजूला बघायला लागले, कुठे टेकायला मिळेल का म्हणून.

व्यायामवाली कुजबुजली, "काका, दार बघा, दार." दार लांब होतं. ह्यांनी दाराकडे बघितलं आणि डोळे मिटले.

पायच्या खऱ्या अंकांची भिंत असती, तर पुढचा पिवळा कुठे आहे ते मला बसल्या जागी सांगता आलं नसतं. हिची गोष्ट वेगळी. ही संपली तरी संपत नाही. निळीनंतर केशरी, तांबडी, जांभळी, पिवळी. एकेक फूट. मी उठले. "काकू, मदत करायची नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. मी मदत करत नव्हते. मोकळ्या जागेत चार टाइल्स पुढे, जिथे ती असायला हवी होती, तिथे जाऊन ह्यांच्याकडे तोंड करून उभी राहिले.

टाच म्हणाले नाही. मान वर म्हणाले नाही. म्हटलं, "पिवळी."

ह्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, मग भिंतीच्या टोकाकडे, पुन्हा माझ्याकडे. काठी पुढे टाकली. आले. थांबले. श्वास घेतला. मी तोंड न वळवता सहा टाइल्स मागे सरले आणि पुन्हा उभी राहिले. आले. तसं दारापर्यंत.

दाराला काठी टेकवून धापा टाकत म्हणाले, "पहिल्या वेळेला अर्धी टाइल पुढे उभी होतीस."

मी पावलं मोजून उभी होते. अगदी मोजून. तिथे खडूची खूण करून, टेप लावून त्यांना दाखवता आलं असतं.

म्हटलं, "असेन."